दगडाबाई ऊर्फ मालनबाई

वाळूजच्या कंपन्यांत राबणारी पोरं रांजणगावात खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांतली तीसेक पोरं मालनबाईंच्या हातचं खातात. नवरा वारल्यावर सुरू केलेली ही खानावळ. तिला ना पाटी आहे ना नाव, 'मावशीकडं' एवढा पत्ता पुरतो. कुणाला पित्त आहे, कुणाला वांग्यानं खाज सुटते, कुणाची रात्रपाळी आहे म्हणून तो सकाळी आठलाच भाकरी मागतो, हे सगळं बाईंना तोंडपाठ. सून सुरेखा कधीमधी म्हणते, आई, एका वहीत लिहून ठेवू या. बाई म्हणतात, वहीला काय कळतंय वांगं. मागं गल्लीच्या तोंडाशी एक मोठी मेस निघाली होती. चकचकीत फरशी, भिंतीवर टीव्ही, आणि सगळ्यांना एकच पळी. दीड वर्षात कुलूप लागलं. बाईंना वाईट वाटलं म्हणावं तर तसंही काही नाही.

वय चौसष्ट. माहेर पिशोरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे तिथलं. त्या घरात लेकरं जगत नव्हती. एक मुलगा जगला, त्याचं नाव कडुबा ठेवलं, म्हणजे यमानं तोंडात घातला तरी कडू लागून थुंकून द्यावा. त्याच्या पाठीवरची दोन पुन्हा दगावली. मग ही झाली. या वेळी आईनं काही म्हणता काही जोखीम घेतली नाही. नाव ठेवलं दगडाबाई, आणि एवढ्यावर न थांबता बाराव्या दिवशी पोर शेजारच्या घरी विकून टाकली. शेजारणीनं पायलीभर ज्वारी दिली, पोर ओटीत घेतली आणि संध्याकाळी 'आमची लेक तेवढी सांभाळ' म्हणून आईकडंच परत दिली. यम दारात आलाच तर सांगायला बरं, की ही आमची नाहीच, शेजाऱ्यांची आहे. देवाधर्माच्या भानगडीत माणसं एवढी हुशारी करतात, मात्र त्यांची नातवंडं पुढं सरकारी अर्ज भरतील हे कुणाच्या ध्यानात येतं?

शेजारणीचा मुलगा सांडू. त्याचंही नाव तसलंच, सांडून दिलेला. विकलेल्या पोरीनं माहेरी आलं की पहिलं पाऊल घेणाऱ्याच्या उंबऱ्यात टाकायचं, असा त्या वस्तीचा रिवाज. तेव्हा दर दिवाळीला मालनबाई आधी सांडूच्या घरी चहा पिणार आणि मग भावाकडं जाणार. कडुबाही मग पोराबाळांदेखत म्हणणार, "ही आमची न्हाईच, सांडूच्या घरची हाय." पन्नास वर्षं हा एकच विनोद, आणि पन्नास वर्षं सगळे त्याला हसत आले.

तेराव्या वर्षी लग्न झालं. सासरच्यांनी सांगितलं, घरात दगड नको, आणि ताटातल्या तांदळांत बोटानं 'मालन' लिहिलं. तेव्हापासून मतदार यादी, बँक, आधार कार्ड, सगळीकडं मालनबाई. दगडाबाई नावानं हाक मारणारी आता दोनच माणसं उरली होती, भाऊ आणि सांडू.

गेल्या उन्हाळ्यात सुरेखा मोबाइलवर कसला तरी फॉर्म भरत होती, आणि सहज म्हणून तिनं सासूच्या माहेरची जमीन शोधली. बाप जाऊन तीस वर्षं झाली तरी सातबारा त्याच्याच नावावर होता. मात्र शेतकरी ओळखपत्रासाठी आता स्वतःचं नाव लागतं, म्हणून कडुबाच्या मुलानं, सत्यमनं, नुकतीच वारसनोंद करून घेतली होती. सुरेखानं ती वाचली आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली. मालनबाईंनी विचारलं, काय गं? तिनं भीत भीत वाचून दाखवलं. वारस पहिला, कडुबा, मुलगा. वारस दुसरी, दगडाबाई, मुलगी, मयत.

बाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग हात धुऊन तीस ताटं वाढली. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं आणि एकाही पोरानं तोंड उघडलं नाही.

जमीन हवी होती असं नाही. भावाला हक्कसोड लिहून द्यायचं हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, हे त्यांच्या आजूबाजूच्या प्रत्येक बाईनं एकमेकीला सांगितलेलं. पण सोडायला आधी हातात असावं लागतं. मेलेल्या बाईला सोडताही येत नाही. आपण त्या बापाची लेक होतो, एवढं कुठंतरी लिहिलेलं असावं, मग खुशाल खोडा, असं त्यांचं म्हणणं. भावाला फोन मात्र केला नाही. सख्ख्या भावानं कागदावर मारलं असेल तर ते त्याच्याच तोंडून कशाला ऐकायचं? राखीला गुडघ्याचं निमित्त सांगून घरीच बसल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मुलगा सोमनाथ तापला. त्यानं सरळ नानासाहेबांची वेळ घेतली. नानासाहेब म्हणजे अदालत रोडवरचे नावाजलेले वकील, शिवाय सासरकडून लांबचे नातलग. काचेची केबिन, बाहेर वीस खुर्च्या, त्यावर वीस माणसं. दोन तासांनी आत बोलावणं आलं. नानासाहेबांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, किती एकर? मग विचारलं, डांबरी रस्त्यापासून किती लांब? मालनबाई सांगू लागल्या की बाराव्या दिवशी मला विकलं होतं, तर ते म्हणाले, त्याची गरज नाही. भावावर आणि भाच्यावर फसवणुकीची फिर्याद करायची, सोबत वाटणीचा दावा. फी आत्ता काहीच नको, निकाल लागला की मिळेल त्यातला पाचवा हिस्सा.

"मला वाटा नकोय," मालनबाई म्हणाल्या.

"सुरुवातीला सगळ्याच असं म्हणतात," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी बेल दाबली.

बाहेर त्यांच्या सहायकानं वकीलपत्र पुढं सरकवलं. पेन्सिलीनं चार फुल्या केलेल्या, तिथं सह्या करायच्या. बाई म्हणाल्या, काय लिवलंय ते वाचून दाखव बाबा. तो म्हणाला, मावशी, छापील असतं, सगळ्यांना सारखंच. बाईंना ती गल्लीतली मेस आठवली. चष्मा घरी राहिला म्हणून त्यांनी कागद परत केला आणि जिना उतरल्या. चष्मा पिशवीतच होता. सोमनाथ घरापर्यंत बोलत आला, की एवढा मोठा माणूस, त्यातून आपला, फुकटात उभा राहत होता. बाई रिक्षात एकदाच बोलल्या, बडा घर पोकळ वासा.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, तुला कधी वकील लागला होता का? माणसं घास थांबवून बघायची. आकाश नावाचा एक फिटर होता, प्रेसखाली बोट गेलेला. त्याची भरपाईची केस एका वकीलबाईंनी लढवली होती. कशा आहेत म्हणून विचारलं तर तो म्हणाला, बाई चांगल्या आहेत, पण प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून दाखवतात. इतकं वाचतात की झोप येते, आणि झोप लागली तर उठवून पुन्हा पहिल्यापासून वाचतात. मालनबाईंनी लगेच नंबर घेतला. सोमनाथनं कपाळावर हात मारला.

ॲडव्होकेट प्रेरणा यांचं ऑफिस समर्थनगरात, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. हाताखाली कुणी नाही, टायपिंगही स्वतःच. पस्तिशीच्या असतील. दारातून बघून मालनबाईंना वाटलं, ही तर पोरगीच दिसती. त्यांनी बसायच्या आधी फी विचारली. प्रेरणाबाईंनी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून कागद त्यांच्याकडं फिरवला. पहिल्या ओळीत नाव लावून देण्याची फी, दुसरीत हक्कसोड करून देण्याची. अर्धी आधी, अर्धी काम झाल्यावर. खाली लिहिलं होतं, याशिवाय काही नाही. आणि मग म्हणाल्या, "आता सांगा. मला घाई नाही."

मालनबाई तासभर बोलत होत्या. कडू, दगड, सांडलेला, पायलीभर ज्वारी, तांदळातलं नाव, सगळं. प्रेरणाबाई लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही मेल्यात हे तुम्हाला कुणी सांगितलं? भावानं की कागदानं?"

"कागदानं."

"भावाला विचारलंत?"

बाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"बरं. मग आधी कागदालाच विचारू," प्रेरणाबाई म्हणाल्या. वारसनोंदीच्या अर्जाला काय काय जोडलंय त्याच्या नकला काढायच्या, त्या हातात आल्याशिवाय ना दावा ना नोटीस, असं ठरलं. नकला यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सोमनाथनं रोज संध्याकाळी सांगितलं की नानासाहेबांनी एव्हाना नोटीस धाडून भाच्याला घाम फोडला असता. बाईंनाही एकदोनदा वाटलं, खरंच आपण भलत्या माणसापाशी तर गेलो नाही? पण बोलल्या नाहीत. माणूस निवडायचा तर निदान तीन आठवडे पारखायचा, कांदासुद्धा आपण चार वेळा हातात घेऊन बघतो.

नकला आल्यावर प्रेरणाबाईंनी बोलावलं आणि वाचायला सुरुवात केली. तारखेपासून. अर्जदार कडुबा, अर्ज भरणारा सत्यम. शपथपत्र. त्यावर कडुबाची थरथरती सही. बापाच्या मृत्यूचा दाखला. मालनबाईंना खरंच पेंग यायला लागली होती. मग शेवटचं पान आलं, सत्यमच्या अक्षरातलं. "जबाब. सांडू, वय ऐंशी, शेजारी. सदर खातेदारास कडुबा हा मुलगा व दगडाबाई ही मुलगी. पैकी दगडाबाई ही लहानपणीच गेली."

"कुठं?" मालनबाईंनी विचारलं.

प्रेरणाबाईंनी मान वर केली. मालनबाई त्यांच्याकडं बघत होत्या, आणि बघता बघता त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. आधी बारीक, मग खांदे गदगदायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. पाण्याचा ग्लास पुढं केला तो त्यांना धरवेना.

"गेली म्हंजे नांदायला गेली ओ," त्या कशाबशा म्हणाल्या. "सांडूभाऊ आसंच बोलतो. तेरा वर्साची व्हते मी. त्याच्याच बैलगाडीत बसून गेले सासरी. आजून सांगतो सगळ्याला, दगडी लई लहानपनीच गेली म्हून."

मग उरलेलं आपोआप उलगडलं. सत्यम शिकायला म्हणून सहाव्या वर्षापासून शहरात. वस्तीवर येणं दिवाळीपुरतं. दिवाळीला मालन नावाची आत्या यायची, ती आधी सांडूबाबांच्या घरी शिरायची, आणि बाप सगळ्यांदेखत म्हणायचा, ही सांडूच्या घरची. पोरानं ते खरं धरलं, आणि 'दगडे' ही हाकही त्याला चेष्टेतलीच वाटली. आजोबांच्या जुन्या रेशनकार्डावर 'दगडाबाई' दिसलं, तिच्याबद्दल शेजाऱ्याला विचारलं, तर म्हातारा डोळे पुसत म्हणाला, लहानपणीच गेली. आता त्या पोरानं काय लिहायचं? बापानं न वाचता सही ठोकली, डोळ्यांत मोतीबिंदू. यमाला फसवायला केलेली सगळी तजवीज साठ वर्षांनी आडवी आली, आणि फसला कोण, तर घरातलाच पोरगा.

"मावशी, फिर्याद करायची?" प्रेरणाबाईंनी विचारलं. तोंड गंभीर ठेवायचा त्यांचा प्रयत्न फार यशस्वी नव्हता. मग त्यांनी टेबलावरचा फोन बाईंपुढं सरकवला.

कडुबाला ऐकू कमी येतं. मालनबाईंना तीनदा ओरडून सांगावं लागलं, की दादा, मी दगडा बोलतेय. मग तो म्हणाला, "राखीला का आली नाय?" त्या चार महिन्यांत सुकत गेलेलं काहीतरी एवढ्या एका प्रश्नानं ओलं झालं. त्या तिथंच, वकिलाच्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. प्रेरणाबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

रविवारी सत्यम रांजणगावला आला. दारातच उभा राहिला, आत यायची हिंमत होईना. त्याची तोंडात पुटपुट चालू होती, मला वाटलं तू सांडूबाबांची बहीण, आत्या, आईशप्पथ. मालनबाईंनी त्याला आधी पोटभर जेवू घातलं, मग पाठीत एक धपाटा घातला, आणि मग सांगितलं की नाव लाव, मी सही करून देते, तुमचं तुम्हाला.

सगळे एका बाजूला असले तरी कागद कागदासारखाच चालतो. प्रांतसाहेबांकडं अपील, दोन नावांची बाई एकच असल्याची शपथपत्रं, कडुबाची संमती. प्रत्येक पान प्रेरणाबाईंनी मोठ्यानं वाचलं आणि प्रत्येकाकडून 'काय समजलं' ते वदवून घेतलं. सुनावणीला सांडूबाबा काठी टेकत आले. समोर उभी ती बाई कोण, असं साहेबांनी विचारल्यावर ते छाती काढून म्हणाले, आमची, इकत घेतलेली. प्रेरणाबाईंनी डोळे मिटले. म्हाताऱ्यानं श्वास घेतला आणि पुढं जोडलं, पन जलमली कडुबाच्या घरी, म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलंय. साहेब हसले आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

दिवाळीच्या आधी नवा सातबारा आला. कडुबाच्या नावाखाली, त्याच अक्षरात, दगडाबाई ऊर्फ मालनबाई. बाईंनी तो खानावळीतल्या पोरांनाही दाखवला. ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं त्यांनीही माना डोलावल्या, कारण त्या दिवशी पुरणपोळी होती.

आठ दिवसांनी हक्कसोडाचं ठरलं. समर्थनगरात सगळे जमले. सत्यमनं बापाला गाडीवरून आणलं होतं. कडुबा टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीत बसला, काय चाललंय ते त्याला अर्धंमुर्धं ऐकू येत असावं. मालनबाई आज मुद्दाम इरकल नेसून आल्या होत्या. देणाऱ्यानं नीटनेटकं असावं. प्रेरणाबाईंनी कागद उचलला आणि सवयीप्रमाणं वाचायला घेतला. गट नंबर, चतुःसीमा, नावं. मग, "सदर मिळकतीतील माझा हक्क मी राजीखुशीने व विनामोबदला सोडून देत आहे. यापुढे सदर मिळकतीशी माझा कोणताही संबंध राहिलेला नाही."

"थांबा. ते पुन्यांदा वाचा."

प्रेरणाबाईंनी पुन्हा वाचलं.

"संबंध राह्यला नाय, आसं लिवावंच लागतं का?"

"लागतं, मावशी. त्याशिवाय हक्कसोड होत नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "घाई नाही. आज नको असेल तर नको. कधीच नको असेल तरी चालतं."

मालनबाईंनी पेन उचलला आणि तो हातातच धरून बसल्या. त्यांना शब्द द्यायची सवय होती, मोडायची नव्हती. त्यांनी पेन ठेवला. "मव्हं नाव लागून आठ दिस झाले," त्या म्हणाल्या, कुणाकडं न बघता. "मला नाय जमत."

सत्यमचं तोंड पडलं. आणि मालनबाईंना कळलं की आता मान वर करून भावाकडं बघावं लागणार. आयुष्यभर त्या ज्या घटकेला भ्यायल्या होत्या ती हीच. कैक बहिणींची माहेरं याच घटकेला मिटलेली त्यांनी पाहिली होती.

"काय झालं?" कडुबानं विचारलं.

सत्यमनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की आत्या सही करत नाही.

"कशाची?"

"हक्कसोडाची, आबा. तिचा वाटा तुमच्या नावावर करायची."

कडुबा सावकाश टोपीची घडी मोडत राहिला. त्याला वाटलं होतं, बहिणीच्या नावाचंच काही राहिलंय म्हणून आपल्याला आणलं. त्यानं मोतीबिंदूचे डोळे बारीक करून तिच्याकडं पाहिलं.

"दगडे, मी कधी मागितलं व्हतं?"

खरंच, त्यानं कधीच मागितलं नव्हतं. तीस वर्षं मालनबाई मनातल्या मनात देत आल्या होत्या, आणि दिलं नाही तर तो तोडेल म्हणून मनातल्या मनात भीत आल्या होत्या. विचारलं मात्र एकदाही नाही. त्यांनी तोंडावर पदर घेतला. प्रेरणाबाईंनी फीच्या कागदावरची दुसरी ओळ खोडली आणि आगाऊ घेतलेली अर्धी रक्कम काढून गुपचूप त्यांच्या पिशवीखाली सरकवली.

कडुबानं टोपी डोक्यावर चढवली.

"बरं, ते जाऊ दे. औंदा तुझ्या तुकड्यात काय लावू, मका का अद्रक?"

मालनबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"मका," त्या म्हणाल्या. "अद्रकीला पानी लई लागतं."